धोंड कोण लोटणार?

परवा ऑफिसखालच्या टपरीवर एका मित्राबरोबर चहा पीत उभा होतो. त्याच्या हातात मोबाईल आणि मोबाईलवर बातम्या. कुठल्याशा शहरावर बॉम्ब पडले होते, त्याची दृश्यं. थोडा वेळ बघितल्यावर त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाला, "राग मानू नकोस, पण तुझा देव सध्या नक्की करतोय काय रे?"

टोमणा नव्हता तो. गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ गेला, अडतिसाव्या वर्षी. एकटाच राहायचा. त्याचा फ्लॅट तेव्हापासून कुलूपबंद आहे. कपडे, पुस्तकं, स्वयंपाकघरातले डबे, सगळं तसंच. "किल्ली घेऊन दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो," असं तो एकदा म्हणाला होता. अशा माणसाच्या तोंडून हा प्रश्न आल्यावर त्याला ठेवणीतलं उत्तर देऊ नये. मी "माहीत नाही" म्हणालो. चहा संपला, आम्ही वर गेलो.

ख्रिस्ती माणूस म्हटला की त्याच्याकडे उत्तर तयार असणार असं लोकांना वाटतं. आमच्यातल्याही पुष्कळांना तसंच वाटतं. माझ्याकडे उत्तर नाही. एका शनिवारची गोष्ट तेवढी आहे. मित्राला ती टपरीवर सांगता आली नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी मूळचा नगरचा. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. पप्पा शाळामास्तर. दर रविवारी देवळात बाजाची पेटी तेच वाजवायचे. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. घरी रोज रात्री जेवणाआधी कुटुंबप्रार्थना व्हायची. पप्पांची प्रार्थना लांबलचक. जगातले राजे आणि अधिकारी, शाळेतली मुलं, शेजारपाजारचे आजारी, सगळ्यांची नावं घेऊन होईपर्यंत समोरची आमटी निवून जायची. लहानपणी मी एक डोळा उघडून आमटीकडे बघत असायचो.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. आधी मला ताप आला, दोन दिवसांनी पप्पांना. मी पुण्यात एका खोलीत कोंडलेला, ते नगरला दवाखान्यात. बेड मिळाला होता, ऑक्सिजन मिळाला होता, डॉक्टर-नर्स जिवाचं रान करत होते. तक्रार कुणाबद्दलच नाही. मी खोलीत बसून फोन करायचो आणि दोन फोनांच्या मध्ये प्रार्थना. आयुष्यात एवढी प्रार्थना कधी केली नव्हती. मागणं एकच होतं. अकराव्या दिवशी पहाटे पप्पा गेले.

आमच्याकडे माणूस गेला की त्याला आंघोळ घालतात, चांगले कपडे घालून पेटीत ठेवतात. लोक येतात, रात्रभर बसून गीतं म्हणतात. मग देवळात उपासना, मग कबरस्थान. पप्पांनी किती जणांच्या शेवटच्या उपासनेला बाजा वाजवला असेल, मोजदाद नाही. त्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. घरी आणता आलं नाही. आंघोळ नाही, कपडे नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी पांढऱ्या पोशाखातल्या चार अनोळखी माणसांनी खड्ड्यात उतरवलं. पाळकांनी लांबून प्रार्थना केली. चुलतभावानं भिंतीजवळून व्हिडिओ काढला, तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे. मी पुण्यात आजारी, आई नगरला घरात विलगीकरणात. व्हिडिओ मी एकदाच पाहिला. आईनं पाहिलाच नाही.

नंतर फोन यायला लागले. "देवाची इच्छा." "त्याची योजना आपल्याला कळत नाही." "देवाला चांगली माणसं लवकर लागतात." बोलणारी माणसं प्रेमाची होती आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी त्याच महिन्यात कुणी ना कुणी गेलं होतं. मी "हो, हो" म्हणायचो. मनात यायचं, देवाला लागतात म्हणून तो अशी माणसं उचलत असेल तर मला अशा देवाशी काही देणंघेणं नाही.

विश्वास उडाला असं म्हणणार नाही. रुसलो होतो म्हणा. देव नाही असं एकदाही वाटलं नाही, आहे आणि गप्प बसलाय हेच सहन होत नव्हतं. देवळं बंद होती ते बरंच झालं, न जायला कारण होतं. नंतर उघडली तरी मी गेलो नाही. रात्री आई फोनवर प्रार्थना करायची, पप्पांची लांबलचक यादी आता तिनं घेतली होती. मी फोन कानाला लावून गप्प बसायचो. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाल्यावर तिच्या यादीत युक्रेनही आलं. मी म्हणालो, "आई, इथून तुझ्या प्रार्थनेनं तिथलं युद्ध थांबणार आहे का?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक? पण त्यांचं नाव तरी कुणीतरी घ्यायला नको?"

तर आता तो शनिवार. १६ एप्रिल २०२२.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे सगळा कार्यक्रम ठरलेला असतो. झावळ्यांचा रविवार. मग उत्तम शुक्रवार, दुपारी बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. आणि रविवारी पहाटे ईस्टर, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. मधला शनिवार रिकामा. कॅथलिक लोकांत त्या रात्री जागरणाची मोठी उपासना असते, आमच्या देवळात काही नसतं. येशू कबरेत आहे आणि कुणाला काही सुचत नाही, असा तो दिवस.

निर्बंध उठल्यानंतरचा तो पहिलाच ईस्टर होता. मी आईसाठी नगरला गेलो होतो, उपासनेसाठी नाही, हे तिला सांगूनही ठेवलं होतं. शनिवारी सकाळी ती म्हणाली, "मला देवळापर्यंत सोड. बायका झाडलोट करणार आहेत." गाडीत फिनेल, जुनी फडकी, दोन बादल्या. सोडून निघणार होतो, पण बादल्या जड होत्या म्हणून आत न्यायला गेलो. सात-आठ बायका पदर खोचून कामाला लागल्या होत्या. दोन वर्षांत धड झाडलोट झाली नव्हती. बाकांखाली धुळीचा थर, खिडक्यांत कबुतरांची घाण. पप्पांच्या बाजाच्या पेटीवर कुणीतरी चादर टाकली होती. मी तिकडे बघत उभा राहिलो. एक मावशी म्हणाल्या, "उभा काय राहिलास? नळाचं पाणी भरून आण."

भरून आणलं. मग परत. मग बाक हलवायला लागलो. त्या मावशींचा मुलगा पप्पांच्याच महिन्यात गेला होता. मला तो शाळेत दोन वर्षं मागे होता. फरशी घासता घासता मी त्यांना हळूच विचारलं, "मावशी, तुम्हाला राग नाही येत?"

"कुणाचा?"

"देवाचा."

"येतो की," त्या म्हणाल्या. "रोज येतो. त्यालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू?" मग फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "म्हणून उद्या लोकांनी धुळीत बसायचं का? ते बाक सरकव जरा."

दुपारी आई म्हणाली, कबरस्थानात जाऊ. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे लोक कबरांवर मेणबत्त्या लावतात, त्यासाठी आदल्या दिवशी कबरा साफ करून चुना देतात. पप्पांच्या कबरेवर तोवर दगड बसवला होता. वर वाळकी पानं आणि पक्ष्यांची घाण. मी गवत उपटायला लागलो. आईनं बादली जवळ घेतली, फडकं बुडवलं आणि दगड पुसायला लागली. वरून खाली, सावकाश, कडा, कोपरे, नावाच्या अक्षरांच्या खाचा. फडकं पुन्हा बुडवायची, पिळायची, पुन्हा पुसायची. दगड केव्हाच स्वच्छ झाला होता. मी म्हणालो, "आई, झालं की."

ती म्हणाली, "त्या दिवशी राहून गेलं होतं."

मला काही बोलता आलं नाही. मीही एक फडकं घेतलं आणि पायाकडची बाजू पुसली.

त्या रात्री झोप येईना तेव्हा पप्पांचं पवित्र शास्त्र काढलं. वर्षभरात पहिल्यांदा. मार्कचं शुभवर्तमान, सोळावा अध्याय. लहानपणापासून दर ईस्टरला ऐकलेला उतारा, पण ईस्टरच्या आनंदाच्या गडबडीत त्यातली एक गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती.

येशूला शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईनं कबरेत ठेवलं. सूर्य मावळला की शब्बाथ लागणार होता, शब्बाथात काम चालत नाही. जवळच्या बायकांना त्याच्या देहाची नीट सेवा करता आली नाही. लूक सांगतो की त्यांनी कबर पाहून ठेवली, सुगंधी द्रव्यं तयार केली आणि नियमाप्रमाणे शब्बाथभर थांबल्या. तो त्यांचा शनिवार. रविवारी पहाटे मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे निघाल्या. कशासाठी? तो उठला असेल म्हणून नाही, ते कुणाच्या मनातही नव्हतं. मेलेल्या माणसाला तेल-सुगंध लावायला निघाल्या होत्या. राहून गेलेलं काम पुरं करायला.

आणि वाटेत त्या एकमेकींना विचारतात की कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटणार. धोंड फार मोठी होती. म्हणजे सगळं काम ज्यावर अडलेलं, त्याचाच पत्ता नाही! शहाण्या माणसानं आधी धोंडेची व्यवस्था केली असती, ती होत नाही म्हटल्यावर घरी बसला असता. पुरुष शिष्य तसे दारं लावून बसलेच होते. या तिघींजवळ उत्तर नव्हतं, तरी पाय चालत होते. हातात डबी होती, कारण ते काम त्यांचं होतं. धोंड लोटायचं काम त्यांचं नव्हतं.

त्या पोचल्या तेव्हा धोंड लोटलेली होती.

मी वर्षभर धोंडेपाशीच बसलो होतो हे मला तेव्हा कळलं. देव गप्प का, हे आधी कळू दे, मग बघू. आई आणि त्या मावशी मात्र फडकी घेऊन पुढे निघून गेल्या होत्या. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं असं नाही. रागही त्यांना माझ्याइतकाच होता, कदाचित जास्तच. पण आशा म्हणजे आधी मनात धीर येणं आणि मग पाय उचलणं, असं मी समजत होतो. त्यांचं उलटं होतं. पाय आधी, धीर मागाहून, आला तर.

आमच्या घरात याचा एक जुना दाखला आहे, तोही त्या रात्री नव्यानं आठवला. माझी पणजी केडगावच्या मुक्ती सदनात वाढली. दुष्काळातली मुलगी. आपल्या गावाचं नाव तिला कधी सांगता आलं नाही, एवढी लहान होती. पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींपैकी ती एक. रमाबाईंची थोरवी पुस्तकांतून सगळे वाचतात, पण मला त्यांच्या आधीच्या आयुष्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या वेळी खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. रमाबाई तेव्हा अगदी तरुण मुलगी. उंची कमी म्हणून खांद्याला खांदा लागेना, तेव्हा त्यांनी ते ओझं डोक्यावर घेतलं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

एवढं भोगलेल्या बाईनं देवाला हिशेब विचारत बसायला हरकत नव्हती. त्यांनी विचारलाही असेल. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि अनाथ मुली, विधवा यांना घेऊन आल्या. दुष्काळ काही त्यांनी थांबवला नाही. लाखो माणसं मेली ती मेलीच. त्यांनी काही शे मुलींना जेवू घातलं, शिकवलं, हाताला काम दिलं. तिथल्या छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या. माझी पणजीही त्यात होती. याच छापखान्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत शास्त्राचं भाषांतर करत होत्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ते पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. खांदा द्यायला माणसं न मिळालेल्या त्या मुलीनं पुढे कुणाकुणाचा भार उचलला, म्हणून मी आज इथं बसून लिहितोय. माझ्यासाठी हे पुस्तकातलं उदाहरण नाही, माझं असणंच त्यावर आहे.

अलीकडची एक गोष्ट सांगतो. आम्ही प्रोटेस्टंट, पोप काही आमचे नव्हेत. पण पोप फ्रान्सिस गेले तेव्हा आईनं त्यांचा फोटो कापून शास्त्रात ठेवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध पेटलं तेव्हापासून ते जवळजवळ रोज संध्याकाळी तिथल्या एकुलत्या एका कॅथलिक चर्चला फोन करायचे. चर्चच्या आवारात शेकडो लोक आसऱ्याला होते. कसे आहात, आज काय जेवलात, असलंच काहीतरी विचारायचे. स्वतः दवाखान्यात असतानाही फोन व्हायचे. शेवटचा फोन १९ एप्रिल २०२५ चा, ईस्टरच्या आदल्या दिवशीचा. सोमवारी ते गेले. त्या फोनांनी युद्ध थांबलं का? नाही. जुलै २०२५ मध्ये त्याच चर्चवर मारा झाला आणि तीन माणसं मेली. पण दीड वर्ष रोज संध्याकाळी त्या माणसांना कुणीतरी आठवणीनं विचारत होतं. आईनं फोटो का ठेवला ते मला कळलं. "त्यांचं नाव तरी कुणीतरी घ्यायला नको?"

आता कुणी म्हणेल, मग हे सगळं माणसांचंच काम झालं, यात देव कुठं आला? प्रश्न बरोबर आहे. फडकी धुवून धोंड हलत नाही, हे मलाही समजतं. शेवटी ती धोंड त्या बायकांनी लोटली नव्हती. ती लोटली गेली होती, यावर माझा विश्वास आहे. सिद्ध करता येणार नाही, पण आहे. ज्या येशूला उठवलं त्याच्या हातांवर खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या, आणि थोमाला त्यानं त्या दाखवल्या, हेही मला फार मोलाचं वाटतं. झालं ते झालंच नाही असं देव म्हणत नाही. माझ्या पप्पांना आंघोळ न घालता पुरलं, ते तसंच राहणार. ईस्टर ते पुसत नाही. एवढंच सांगतो की तिथं गोष्ट संपत नाही.

आणि हा विश्वास काही मला पहाटे गात-नाचत मिळाला नाही. मार्कची सगळ्यांत जुनी हस्तलिखितं जिथं संपतात तिथं त्या बायका कबरेपासून थरथरत पळत सुटल्यात आणि भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत. मला तो शेवट खरा वाटतो. १७ एप्रिलच्या पहाटे कबरस्थानात शेकडो मेणबत्त्या होत्या आणि लोक गीत म्हणत होते. बाजा नव्हता. मला गाता आलं नाही. आईच्या शेजारी मेणबत्ती धरून वारा अडवत उभा राहिलो. पुढच्या कुठल्या तरी रविवारी गायलो. कुठल्या, तेही आठवत नाही.

असो. मित्राला हे सगळं सांगितलेलं नाही. सांगेन की नाही माहीत नाही. पण काल जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारलं, "त्या फ्लॅटचं काय करायचं ठरवलंयस?" तो म्हणाला, "काही नाही. दार उघडवत नाही." मी म्हणालो, "शनिवारी सुट्टी आहे. मी येतो बरोबर. नाही उघडलं तर बाहेर बसून चहा पिऊ."

त्यानं बराच वेळ डब्यातली भाजी चिवडली. मग म्हणाला, "दहा वाजता ये."

फडकी आणि बादली मी नेणार आहे.